लाल फडक्यातला रशिया

सकाळपासून मी माहूजच्या गल्ल्यांतून फिरतेय आणि एका जागी दोन मिनिटं थांबायला पाय तयार नाहीत. ज्या कामासाठी बहारीनला आले ते काल संपलं, विमान संध्याकाळचं आहे, मधले तास मोकळे. मोकळे तास मला सोसत नाहीत. नवरा म्हणतो, तुझ्या पायाला भिंगरी आहे. असेल. ती कुठे लागली हे मात्र त्याला मी कधी सांगितलं नाही.

आमची इमारत अजून आहे. तीन मजली, मळक्या सायीच्या रंगाची. खाली कोल्ड स्टोअर होतं, इथे किराणामालाच्या दुकानाला तेच म्हणत. तिथे आता मोबाइल दुरुस्त होतात. दुसऱ्या मजल्यावर डावीकडे आम्ही, उजवीकडे पेडणेकर काका-काकी. खिडक्यांतल्या जुन्या एसींची भोकं विटांनी बुजवलेली दिसतात. मी मान वर करून बघत होते, तेवढ्यात वॉचमननं विचारलं, "येस मॅडम? कोण पाहिजे?" कोण पाहिजे ते त्याला काय सांगणार? मी काहीतरी पुटपुटले आणि पुढे चालू लागले.

सत्तरच्या दशकाची ती शेवटची वर्षं. त्या वर्षांना आधी वास होता, मग रंग. सित्रा बेटाकडून वारा आला की रिफायनरीचा उग्र वास घरभर व्हायचा आणि आई म्हणायची, "बाबांच्या आधी बाबांचं ऑफिस घरी आलं." पहाटे कंपनीची बस बाबांना घेऊन जायची, तिचं इंजिन मी झोपेतच ओळखायचे. ओहोटीला खाऱ्या चिखलाचा वास, कोपऱ्यावरच्या भट्टीतून निघणाऱ्या खुबूस रोट्यांचा भाजका वास, ऑगस्टमध्ये भिंतींनाही घाम. आणि दिवसरात्र एसीची घरघर. सुट्टीला गावी गेलो की त्या घरघरीवाचून मला झोप लागायची नाही, आणि मामेभाऊ मला हसायचे.

पेडणेकर काका एका जहाज एजन्सीत कारकून होते. मूळचे मालवणचे, शिकले पुण्यात, आणि तिथे कोणत्या तरी नादानं रशियन भाषा शिकले. संशोधन करायचं होतं, ते राहून गेलं. आखाताचा व्हिसा आधी आला. पण जाडजूड सात वह्या त्यांनी बॅगेतून इथे आणल्या होत्या. त्यात ते मराठीतून रशियाचा इतिहास लिहीत होते. क्रांतीचा वगैरे नाही. पार सुरुवातीचा. "रशिया म्हटलं की लोकांना कारखाने आठवतात," ते म्हणायचे. "अरे, पण त्या आधी हे लोक होते कोण? मराठीत कुणी सांगितलंच नाही." शुक्रवारी सुट्टी असायची, आणि शुक्रवारी सकाळी मी त्यांच्याकडे जमिनीवर फतकल मारून बसायचे. शाळेत सगळं इंग्रजीतून, घरी आईशीही मी इंग्रजीतच उत्तर द्यायचे. काकांकडे मात्र मराठीच बोलायचं, असा त्यांचा दंडक होता.

त्यांच्या तोंडून ऐकलेला रशिया मला अजून माझ्या शाळेपेक्षा स्पष्ट दिसतो. उत्तरेकडून होड्या घेऊन आलेले दांडगे लोक. एक नदी संपली की ते होडी ओंडक्यांवरून ओढत जंगलातून दुसऱ्या नदीपर्यंत नेत. होडीत मध, मेण आणि कातडी. त्या बदल्यात जे चांदीचे दिरहम मिळत, ते अरबांच्या मुलखातले. "म्हणजे आपल्या बाजूचे!" असं म्हणून काका खिडकीबाहेर हात करायचे, जणू आमच्या कोल्ड स्टोअरमधूनच ते दिरहम निघाले होते. आजही रशियातल्या शेतांत ते दिरहम सापडतात म्हणे. मग कीवच्या राजाला वाटलं, आपल्या लोकांना एक धर्म हवा. त्यानं चहूकडे माणसं पाठवली, "आपल्याकडे मुलगी बघायला पाठवतात ना, तशी." माणसं परत आली आणि म्हणाली, इथलं बरं नाही, तिथलं रूक्ष आहे, पण ग्रीकांच्या राजधानीतल्या त्या देवळात उभं राहिलो, तर आपण जमिनीवर आहोत की वर, तेच कळेना. झालं, स्थळ ठरलं. ग्रीकांकडून देव आला, देवामागून तसबिरी आल्या, घंटा आल्या. शेजारच्या स्लाव्ह लोकांकडून अक्षरं आली. पुढे पूर्वेकडून घोडेस्वार आले, त्यांनी गावं जाळली आणि जाताना स्वतःचे कितीतरी शब्द मागे ठेवले.

"कुठलाही देश घरच्यांनी घडत नाही गं," काका सांगायचे. "पाव्हण्यांनी घडतो. कोणी बोलावलेले, कोणी घुसलेले. आता आपणच बघ, इथे आपण पाव्हणेच."

"पाव्हण्यान् उठान् जरा दूध घेवन येवचां," आतून काकी. "घरचां माणूस डुटीवरसून आत्ता इलां."

काकी सलमानियाच्या इस्पितळात नर्स होत्या. रात्रपाळी करून येत, पांढरे बूट दाराशी काढत आणि तळव्यांना खोबरेल चोळत बसत. अंगाला डेटॉलचा वास. काकांच्या त्या वह्यांवर त्यांचा राग होता, आणि तो त्या लपवत नसत. एकदा सगळ्या मजल्यासमोर म्हणाल्या होत्या, "एक दिस ह्यो तुमचो रशिया दर्यात बुडवतंय की नाय बगा!" आम्ही सगळे हसलो होतो. काकाही हसले होते.

तो शुक्रवार मला आठवतो, ज्या दिवशी काकांनी जुन्या देवाची गोष्ट सांगितली. नवा धर्म ठरला, तेव्हा राजानं टेकडीवरचा जुना देव खाली ओढला. विजेचा देव तो, लाकडाचा, चांदीचं डोकं आणि सोन्याच्या मिशा. घोड्याच्या शेपटीला बांधून नदीपर्यंत नेला आणि पाण्यात ढकलला. तो वाहत निघाला तशी माणसं काठाकाठानं रडत धावू लागली.

मी एकदम ओरडले, "पुढच्या वर्षी लवकर या!"

काका आधी पोट धरून हसले. मला हसण्यासारखं काय आहे ते कळेना. देव पाण्यात सोडला, लोक रडले, म्हणजे विसर्जनच ना? आमचा गणपती विमानातून कुणाच्या तरी मांडीवर बसून यायचा, वीतभर उंचीचा, आणि बाल्कनीत बादलीत बुडायचा. आई पदरानं डोळे पुसायची. मला त्यात न समजण्यासारखं काही वाटलं नाही. मग काकांचं हसू थांबलं. "राजानं बारा माणसं ठेवली होती, देवाला काठ्यांनी बडवायला," ते म्हणाले. "पण काठावरचे लोक... कुणास ठाऊक, ते तुझंच म्हणत असतील. हे मला सुचलं नसतं गं." त्यांनी वही ओढली आणि खाली मान घालून बराच वेळ लिहीत राहिले. मी इतकी फुशारले की आठवडाभर जमिनीला पाय टेकेना.

आता ती पिशवी. बहारीनमधल्या आमच्यासारख्या घरांत एक अडचण सगळ्यांची होती. तडकलेल्या तसबिरी, देवाचं चित्र असलेली जुनी कॅलेंडरं, पानं सुटलेल्या पोथ्या, टवका गेलेल्या मूर्ती. हे कचऱ्यात टाकायचं नाही, आणि सोडायला नदी नाही. म्हणून आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक कापडी पिशवी टांगलेली असायची. देवाची पिशवी. इमारतीतली चारही मराठी घरं त्यात भर घालत. चार-सहा महिन्यांनी बाबा ती सित्र्याला नेत. तिथे त्यांच्या ओळखीचा हसन नावाचा कोळी लाकडी होडी बांधून ठेवायचा. तो आम्हाला थोडं आत न्यायचा, इंजिन बंद करायचा आणि पाठ फिरवून दुसरीकडे बघत बसायचा. आमच्या देवाला एकांत द्यावा, असं त्याचं त्यालाच वाटत असावं. निघण्याआधी घराघरांतून उरलंसुरलं गोळा करणं हे माझं काम होतं. आईनं एकच नियम शिकवला होता: लाल फडक्यात बांधलेलं असेल ते सोडून बघायचं नाही, तसंच न्यायचं.

ते घडलं त्या शुक्रवारी मी अकरा वर्षांची होते. काका मनामाच्या बाजारात भाजी आणायला गेले होते. काकी रात्रपाळीहून येऊन आत झोपल्या होत्या. दार नेहमीसारखं लोटलेलं. देवाच्या फळीवर काच तडकलेला दत्ताचा फोटो होता, तो काकींनी आधीच सांगून ठेवला होता. आणि त्याच्या शेजारी लाल फडक्यातलं गाठोडं. मी दोन्ही उचललं.

गाठोडं जड होतं. पोथीपेक्षा जड. फडक्याखाली पुठ्ठ्याचे कोपरे हाताला लागले होते. माझ्या बोटांना तेव्हा कळलं होतं का? या एका प्रश्नापाशी मी हजारदा आले आहे आणि हजारदा तिथून पळाले आहे. काकांच्या वह्या मी टेबल सोडून दुसरीकडे कधी बघितल्या नव्हत्या, फडक्यात तर नाहीच. नियम होता, मी नियम पाळला. असं मी स्वतःला सांगते, आणि सांगताना मला माझाच आवाज आवडत नाही.

हसननं "यल्ला यल्ला" म्हणून हात दिला. सकाळची भरती होती, पाणी हिरवट आणि इतकं निवांत की होडीचा आवाज लाजिरवाणा वाटावा. बाबांनी एकेक वस्तू हलकेच सोडली. दत्ताचा फोटो लगेच गेला. गाठोडं मात्र तरंगलं. लाल कापड फुगलं, सरकत सरकत होडीपासून दूर गेलं, मग एका बाजूला कललं. मी मोठ्यानं म्हणाले, "पुढच्या वर्षी लवकर या!" बाबा हसले. हसन पाठमोराच होता. कापडाचं एक टोक शेवटपर्यंत वर राहिलं आणि मग तेही दिसेनासं झालं.

दुपारी घरी आलो तर जिन्यातच आवाज ऐकू आले. आदल्या संध्याकाळी एसीचं पाणी टेबलावर गळत होतं. वह्या भिजतील म्हणून कामावर जाण्याआधी काकींनी त्या स्वतःच्या पोथीच्या फडक्यात बांधल्या आणि घरातल्या सगळ्यांत कोरड्या जागी ठेवल्या. देवाजवळ. त्या एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "देवाकडे ठेवलंय म्हटलां मा!"

"मगे गेलां खंय?" काकांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "तूच हलवलंस मा? तूच म्हणी नाय होतंस, दर्यात बुडवतंय म्हणान?"

मी जिन्यात उभी होते. हातात रिकामी पिशवी होती. बाबा गाडी लावत होते, आई माझ्या पुढे दोन पायऱ्या वर गेली होती. तिथून त्यांच्या दारापर्यंत सहा पावलं. ती मी टाकली नाहीत. आमच्या घरात गेले, पिशवी खिळ्याला अडकवली आणि हात धुतले. जेवताना आई म्हणाली, पेडणेकरांकडे काहीतरी बिनसलंय वाटतं. मी आमटी मागितली.

पहिल्या दिवशी भीती होती. दुसऱ्या दिवशीही भीतीच. त्यानंतर काय होतं ते मला नीट सांगता येत नाही. उशीर झाला होता, एवढंच. आठवड्याभरात उशीर इतका मोठा झाला की त्याच्या पलीकडे काही दिसेना. आई विचारायला गेली तेव्हा काकी तिला म्हणाल्या, मी नाही टाकल्या, माझं कुणी ऐकत नाही. आईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. घरी येऊन बाबांना म्हणाली, "रागाच्या भरात टाकल्या असतील बिचारीनं. दमते किती." म्हणजे आईचाही विश्वास बसला नव्हता. लाल फडक्यात पोथीच असणार, असं बाबांनी धरलं होतं; पिशवीचं मला कुणी विचारलंच नाही. आणि मी पलंगावर भूगोलाचं पुस्तक उलटं धरून बसले होते.

काकांचे शुक्रवार बंद झाले. मला मात्र बोलावणं यायचं, दुसऱ्याच कामासाठी. काका काकींशी बोलत नसत, मग मी मध्ये. "काकींना सांग, चहा नको." काकी तिथेच, दोन हातांवर, तांदूळ निवडत. मी त्यांच्याकडे वळून म्हणायचे, "काकी, काकांना चहा नकोय." "मी ऐकलां," त्या म्हणत. "त्यांका सांग, भाकरी झाकान ठेवलंय." मी सांगायचे. घड्याळाच्या लंबकासारखी मान इकडून तिकडे. दोघंही माझ्याशी फार मायेनं वागायची, हे सगळ्यात वाईट होतं. काकी डब्यातलं खजुराचं बिस्किट माझ्या हातावर ठेवायच्या, आणि मी ते खायचे. तेव्हापासून मला कुणाच्या घरी बसवत नाही. चहा येईपर्यंत मी उठून खिडकीशी गेलेली असते.

ऐंशीच्या दशकात काकांची एजन्सी बंद झाली. "खलास," ते बाबांना म्हणाले आणि हात झटकले. जाण्याच्या दिवशी मी शाळेचा युनिफॉर्म घालून जिन्यात उभी होते, चांगली उंच झालेली, सगळं समजणारी. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "इतिहास सोडू नकोस," म्हणाले. मी मान डोलावली. पुढच्याच वर्षी मी अकाउंट्स घेतलं. दोन वर्षांनी आम्हीही निघालो.

एवढं आठवत मी चालत होते ते टॅक्सी दिसल्यावर थांबले. म्हटलं, सित्रा. ड्रायव्हर मल्याळी होता, म्हणाला, सित्र्यात बघण्यासारखं काही नाही. म्हटलं, तरी चल.

खरंच काही नाही. हसनची होडी जिथे असायची, तो काठ मला सापडला नाही, कारण तिथे समुद्रच उरलेला नाही. भराव टाकून जमीन केलीय. गोदामं, ट्रक, तारेचं कुंपण. मी चालत गेले, परत आले, पुन्हा गेले. ड्रायव्हर गाडीतून बघत होता. आम्ही जिथे इंजिन बंद केलं होतं, तिथे बहुतेक आता लोखंडी पाइपांची चळत आहे. वारा मात्र तोच, नाकात जाऊन बसणारा. हल्ली बातम्यांत कीवचं नाव निघालं की मी चॅनल बदलते. घरच्यांना वाटतं, मला युद्ध बघवत नाही. तेही खरंच आहे.

काका गेल्या वर्षी गेले. त्यांच्या पुतण्यानं कळवलं होतं, आणि त्याच निरोपात काकींचा मालवणचा नंबर होता. सांत्वनाचा फोन मी केला नाही. उद्या करू, असं वर्षभर चाललं होतं. कुंपणापाशी उभी राहून मी तो लावला, कारण आता चालायला पुढे जागा नव्हती.

काकींनी आवाजावरून ओळखलं नाही, नावावरून ओळखलं. "अगो! बहारीनची! खंय आसस?" म्हटलं, बहारीनलाच. त्या हरखल्या. सलमानियाचं विचारलं, ते कोल्ड स्टोअर आहे का विचारलं, आई आहे का विचारलं. गुडघे गेले म्हणाल्या, पण परसातलं अजून मीच बघते. मी काकांचं विचारलं. तर म्हणाल्या, शेवटी फार त्रास नाही झाला. मालवणला आल्यावर बोलू लागले होते माझ्याशी, सगळं बोलायचे, बाजारहाट, शेजारपाजार, डॉक्टर. "तां एक सोडान. त्या वह्यांचां मात्र कदी नाय. मियांय काढूक नाय. एकदाच म्हणाले, जांव दे, तुका माफ केलंय."

तुला माफ केलं. त्या पाइपांसमोर उभं राहून मी ते ऐकलं, आणि पहिल्यांदाच पाय हलले नाहीत.

मग मी सांगितलं. सगळं, एका दमात, थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते. दत्ताचा फोटो, लाल फडकं, कोपरे, हसनची होडी, मी काय ओरडले ते. जिना. सहा पावलं. मी रडत होते आणि मला माझ्या रडण्याची लाज वाटत होती. "काकी, तुम्ही नव्हत्या टाकल्या. मी टाकल्या होत्या. मला माफ करा."

पलीकडे परसात कुठेतरी कोंबडा ओरडला. मग काकी बोलल्या. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"ज्येंका सांगूचां होतां, ते गेले. माका कित्याक सांगतंस गो? मी टाकूक नाय, ह्यां माका ठावकच होतां."